संगणक आला, पण शेजारी कोण बसलं?

थोडं लांबलंय, आधीच सांगतो. वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, रात्री निवांत वाचा.

परवाच्या रविवारची गोष्ट. मुकुंदवाडीजवळच्या आमच्या विरंगुळा केंद्रात दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही आठ-दहा जण बसतो. ज्याचं मोबाईलमध्ये, कॉम्प्युटरमध्ये काही अडलंय त्याने यायचं, ज्याला येतं त्याने सांगायचं. फी नाही, फलक नाही, नोंदणी तर नाहीच नाही. नावही नाही. लोक 'कॉम्प्युटरवाल्यांचा कट्टा' म्हणतात, बायका नुसतंच 'रविवारचं' म्हणतात. दोन जुने डेस्कटॉप, एकाचा लॅपटॉप, एक प्रिंटर. ज्या रविवारी नळाला पाणी येतं त्या रविवारी अर्धे शिकवणारे गायब असतात. आपल्या शहरात राहणाऱ्याला याचं वेगळं स्पष्टीकरण नको.

तर परवा एक मावशी आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, चार घरी पोळ्या लाटतात. लाडक्या बहिणीची ई-केवायसी राहिली होती. मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. आधी स्वतःचं आधार, त्यावर ओटीपी. तो आला. मग पतीचं किंवा वडिलांचं आधार, त्यावर ओटीपी. वडील जाऊन वीस वर्षं झाली. नवरा बारा वर्षांपूर्वी कामाला म्हणून गेला तो परत आलाच नाही. सरकारने मध्यंतरी सवलत दिली होती, पती-वडील हयात नसतील तर मृत्यूचा दाखला आणि घटस्फोट झाला असेल तर त्याचे कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यायचे. पण मावशींचा नवरा मेलेला नाही, सुटलेला नाही आणि घरीही नाही. योजनेच्या पात्रतेत 'परित्यक्ता' हा शब्द आहे, पण मावशींना या पडद्यावर पुढे कसं जायचं ते आमच्यातल्या कुणालाच सापडेना. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली आमची एक मुलगी त्यांच्याजवळ पाऊण तास बसून होती. शेवटी तिने कागदावर अर्ज लिहिला, वाचून दाखवला, मावशींनी सही केली आणि सोमवारी दोघी अंगणवाडीत जायचं ठरलं.

हे चालू असताना एक इच्छुक उमेदवार आले. १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेची निवडणूक होती, एप्रिल २०२० पासून तोवर इथे नगरसेवक नावाचा माणूस नव्हता, त्यामुळे इच्छुकांचा उत्साह समजू शकतो. सगळ्यांना नमस्कार करून म्हणाले, "काका, निवडून आलो की इथं दहा कॉम्प्युटर टाकून देतो." टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले आमचे काका चष्मा वर सरकवत म्हणाले, "दादा, कॉम्प्युटर नका देऊ. या खोलीची किल्ली आमच्याकडं राहील आणि लाइट बिल भरलं जाईल, एवढं बघा." सगळे हसले. उमेदवारही हसले. पण त्यांना काकांचं म्हणणं कळलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

घरी आल्यावर माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं. आपल्याकडे सामान्य माणसापर्यंत संगणक नेण्याचे एवढे प्रयोग झाले, चाळीस वर्षं झाली, आणि दरवेळी गाडी 'किती कॉम्प्युटर' याच आकड्यावर का थांबते? म्हणून जुन्या बातम्या, नोट्स काढल्या. त्यातून जे जुळलं ते मांडतोय.

सुरुवात संगणकाच्या आधीपासून करावी लागेल, आणि तीही आपल्या मराठवाड्यापासून.

आपण निजामाच्या राज्यात होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथली कारभाराची भाषा फारसीवरून उर्दू झाली आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, म्हणजे हैदराबाद मुक्त होईपर्यंत, राहिली. शेतकरी मराठी बोलणार, घरात मराठी, बाजारात मराठी, आणि त्याच्या जमिनीचा कागद उर्दूत. म्हणजे स्वतःच्या शेताबद्दल काय लिहिलंय हे कळायला दुसऱ्या माणसाकडे जाणं आलं. तहसीलबाहेर अर्जनवीस बसायचे. गावात एखादा उर्दू शिकलेला मास्तर, एखादा मौलवी, एखादा वकिलाचा कारकून. कुणी पैसे घेऊन वाचायचा, कुणी माणुसकीने, कुणी वाचतानाच फसवायचा. माझे आजोबा सांगायचे, कागद वाचणारा आपला असेल तर शेत आपलं.

हे फार जुनं वाटत असेल तर २०२३ आठवा. कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं तेव्हा आपल्या जिल्ह्यांत तहसीलच्या दफ्तरखान्यातले गठ्ठे सुटले, आणि मोडी वाचणारे, उर्दू वाचणारे लोक शोधायची वेळ प्रशासनावर आली. आरक्षणाच्या वादात आज शिरत नाही. मुद्दा एवढाच की कागद जपला होता, वाचणारा जपला नव्हता.

आज मावशींसमोरचा पडदा मराठीतच असतो, हे मान्य. पण 'प्रमाणीकरण', 'कॅप्चा', 'सत्र समाप्त झाले आहे' ही मराठी त्यांच्यासाठी त्या जुन्या उर्दूइतकीच परकी आहे.

दुसरी गोष्ट साताऱ्याची. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि १९६१ पासून ती राज्यभर नेली गेली. प्रौढांना साक्षर करायचं, पण त्यासाठी वेगळी इमारत नाही, वेगळा पगारी नोकर नाही. गावातला प्राथमिक शिक्षक, शिकलेली पोरं, रात्री देवळात नाहीतर शाळेत कंदिलाखाली वर्ग. पूर्ण गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. त्यातले बरेच जण पुढे सराव नसल्याने अक्षरं विसरले, अशी टीका झाली आणि ती खोटी नव्हती. तरीही एक गोष्ट त्या मोहिमेने बरोबर ओळखली होती. मोठ्या वयाचा माणूस परक्यासमोर चुकायला लाजतो, आपल्याच गल्लीतल्या पोरासमोर कमी लाजतो.

आता संगणकाकडे येऊ.

१९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प आणला. इंग्लंडमधून बीबीसी मायक्रो नावाचे संगणक मागवले आणि पहिल्या टप्प्यात देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत ठेवले. माझ्या वयाच्या कित्येकांना शाळेतला पहिला संगणक आठवतो तो कसा? खोलीला कुलूप, यंत्रावर प्लास्टिकचं कव्हर, बाहेर चपला काढायच्या, आणि दहा-बारा पोरांत एक जण बटण दाबणार. माझ्या शाळेत तर संगणकाची पूजा व्हायची, खंडेनवमीला. हात लावायला मात्र तो आम्हाला कधी मिळाला नाही. ज्या सरांकडे किल्ली होती त्यांनाही तो येत नव्हता, आणि यात त्यांचा दोष नव्हता. त्यांना तरी कोणी शिकवलं होतं?

अमेरिकेत त्याच्या दहा वर्षं आधी उलटं घडलं होतं. ५ मार्च १९७५ ला कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कमध्ये गॉर्डन फ्रेंच नावाच्या माणसाच्या गॅरेजमध्ये काही हौशी लोक जमले. होमब्रू कॉम्प्युटर क्लब. नवं आलेलं अल्टेअर नावाचं यंत्र मध्ये ठेवलेलं, भोवती सगळे, ज्याला जे कळलं ते त्याने दुसऱ्याला सांगायचं. त्या बैठकीला स्टीव्ह वॉझ्नियाक होता, आणि पुढे त्याने बनवलेलं ॲपलचं पहिलं यंत्र याच मंडळींना दाखवलं. ही गोष्ट ॲपलच्या श्रीमंतीसाठी सांगितली जाते. मला त्यात गॅरेज महत्त्वाचं वाटतं. कुलूप नसलेली खोली, ठरलेला दिवस आणि न लाजता विचारायची मुभा.

आपल्याकडे असा क्लब झालाच नाही असं नाही. पुण्या-मुंबईत लिनक्स वापरणाऱ्यांचे गट होते, अजून आहेत. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची, ती हातोहात फिरायची. इंडलिनक्ससारख्या गटातल्या लोकांनी मोफत सॉफ्टवेअरमध्ये भारतीय भाषा आणायला रात्री जागवल्या. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला तोही बिनपगारी लोकांच्या जोरावर. आज तुम्ही ही पोस्ट फोनवर मराठीत वाचताय त्यात या अनाम मंडळींचा वाटा आहे. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'कुऱ्हाड' यातला तो आडवा अर्धा र आठवतो? एके काळी संगणकावर तो धड उमटायचा नाही, 'दुसर्या' असं काहीतरी दिसायचं. हिंदीला त्याची गरज नाही, त्यामुळे तो आपला आपणच मागून घ्यावा लागला.

माझा स्वतःचा संगणकही एका माणसामुळेच आला. २००० च्या आसपास मी तालुक्याचा वार्ताहर होतो. बातमी हाताने लिहायची, पाकिटात घालायची आणि संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची. शहरातल्या स्टँडवरून ऑफिसचा पोरगा ते घेऊन जायचा. बस पंक्चर झाली की बातमी शिळी. पुढे विद्यापीठात पत्रकारितेची पदविका करायला शहरात आलो तेव्हा ऑफिसात पेजमेकरवर पानं लागायची. टाइप करणाऱ्या एका ऑपरेटर ताईंनी मला रोज रात्री आवृत्ती सुटल्यावर वीस मिनिटं शेजारी बसवलं. एका फॉन्टमध्ये लिहिलेली बातमी दुसऱ्या मशीनवर उघडली की नुसती चिन्हं दिसायची, आणि त्या चिन्हांवरूनही त्या बातमी ओळखायच्या! मी पैसे देऊन क्लासही केला, सर्टिफिकेट आहे कपाटात. शिकलो मात्र त्या वीस मिनिटांत.

तर, मूळ मुद्दा. महाराष्ट्रात गावोगावी संगणक नेण्याचा पहिला मोठा प्रयोग कोणता? पत्रकारितेच्या परीक्षेत हा प्रश्न हमखास असायचा. उत्तर, वारणा.

कोल्हापूरचं वारणानगर. तात्यासाहेब कोरे यांनी १९५० च्या दशकात तिथे साखर कारखाना उभा केला आणि त्याभोवती दूध, बाजार, शाळा-कॉलेज असं सहकाराचं जाळं वाढलं. १९९८ मध्ये 'वारणा वायर्ड व्हिलेज' प्रकल्प जाहीर झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यातली ७० गावं. खर्चातला अर्धा वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा, १० टक्के वारणेच्या सहकारी संस्थांचा. तांत्रिक काम एनआयसीकडे. लक्षात घ्या, भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे अवघ्या तीन वर्षांत खेड्यातल्या शेतकऱ्यापर्यंत ते नेण्याची गोष्ट चालली होती. शेतीचा सल्ला, बाजारभाव, जमिनीचे उतारे, रोजगाराची माहिती, सगळं गावच्या केंद्रावर मिळणार होतं. देशभरातून लोक बघायला यायचे. अहवाल निघाले, भाषणं झाली.

प्रत्यक्षात काय टिकलं? उसाचा हिशेब. माझी नोंद कधी लागली, तोड कधी, वजन किती भरलं, खत किती उचललं, पैसे किती जमा झाले. ज्या कामासाठी शेतकऱ्याला वारणानगरपर्यंत हेलपाटा पडायचा ते काम गावात होऊ लागलं. केंद्रात कारखान्याने नेमलेला, ओळखीचा माणूस बसलेला, तो बटणं दाबणार, कागद हातात देणार. बाकी इंटरनेट वगैरे बहुतेक कागदावरच राहिलं.

पुढची गंमत ऐका. २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी तिथे जाऊन पाहिलं. राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा अशी त्यांची नावं. त्यांना दिसलं की ही यंत्रं जवळजवळ फक्त या हिशेबालाच वापरली जातात, आणि त्याला एवढ्या महागड्या यंत्राची गरजच नाही. मग सात गावांत त्यांनी पीसीच्या जागी साधा मोबाईल आणि एसएमएस वापरून पाहिला. आठ महिने तो चालला, खर्च कमी आला, शेतकऱ्यांना आवडला. 'वारणा अनवायर्ड' असं नावच दिलं त्यांनी त्या प्रयोगाला! ज्या कंपनीचा धंदा कॉम्प्युटरवर चालतो तिच्याच लोकांनी कॉम्प्युटर काढून घ्या म्हणावं, हे मला आजही भारी वाटतं.

काही लोक यावरून वारणा प्रकल्प फसला म्हणतात. मला तसं वाटत नाही. मोठ्या घोषणा फसल्या. पण शेतकऱ्याला नेमकं काय हवं होतं ते त्याने स्वतःच निवडलं, आणि ते त्याला ओळखीच्या माणसाच्या हातून हवं होतं. यंत्र पीसी असो की मोबाईल, त्याला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं.

याला एक उलटं उदाहरणही आहे, प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. सुगत मित्रांनी २६ जानेवारी १९९९ ला दिल्लीत कालकाजीमध्ये भिंतीत संगणक बसवला, शिकवायला कोणी नाही, आणि झोपडपट्टीतली पोरं आपोआप शिकली. नंतर आपल्या सिंधुदुर्गातल्या गावांतही तसे संगणक बसले. म्हणजे माणूस नसला तरी चालतं? पण पोरं तिथे एकटी नव्हती. एक जण चालवायचा आणि मागे सात-आठ जण 'ए, ते दाब, ते दाब' ओरडायचे. गल्लीच शिकवत होती. आणि पोरांना चुकायची भीती नसते. साठीच्या मावशींना असते, कारण चुकलं तर त्यांचे पंधराशे जातात.

२००१ मध्ये एमकेसीएल आली, एमएस-सीआयटी आली. या कोर्सने महाराष्ट्रात काय केलं हे नव्याने सांगायला नको. सरकारी नोकरीला तो लागतो म्हटल्यावर तालुक्या-तालुक्यात सेंटर निघाली. पुस्तकं मराठीत होती, ही फार मोठी गोष्ट. लग्न होऊन घरात बसलेल्या कितीतरी मुली त्या निमित्ताने बाहेर पडल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण सर्टिफिकेट हेच ध्येय झालं की काय होतं तेही पाहिलं. आमच्या ओळखीतले एक गुरुजी पास झाले, वेतनवाढ वाचली आणि पुन्हा माऊसला हात लावला नाही.

मग सेतू केंद्रं, महा ई-सेवा केंद्रं, ग्रामपंचायतीत संग्राम, आपले सरकार. कामं सोपी झाली, नाकारत नाही. पण तिथे काम करून मिळतं, शिकून मिळत नाही, आणि ते साहजिक आहे. रांगेत चाळीस माणसं असताना केंद्रवाला कुणाला शेजारी बसवून शिकवणार?

शिकवण्यासाठी म्हणून २०१७ मध्ये केंद्राची योजना आली, पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान. लक्ष्य सहा कोटी कुटुंबांतून प्रत्येकी एक माणूस. वीस तासांचं प्रशिक्षण. मार्च २०२४ ला योजना संपली तेव्हा ६.३९ कोटी लोकांना शिकवल्याचा सरकारी आकडा आहे, लक्ष्यापेक्षा जास्त. चांगलंच आहे. पण नियम बघा. वय १४ ते ६०, आणि फक्त ग्रामीण. म्हणजे आमच्या केंद्रात येणारी निम्मी माणसं वयाने बाद आणि सगळीच पत्त्याने बाद. मुकुंदवाडी, चिकलठाणा, मिसारवाडीत राहणारा माणूस शहरी. तो शहरात राहतो म्हणजे त्याला येतंच असणार, असं कुणीतरी गृहीत धरलं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका ३८ टक्के होत्या, पुरुष ६१ टक्के. ते सर्वेक्षण २०१९ चं आहे, फोन त्यानंतर घरोघरी झाले. पण फोन घरात असणं आणि बाईच्या हातात असणं यात फरक आहे, हे कुठल्याही घरात डोकावून बघा.

आमचं रविवारचं सुरू झालं ते कोरोनात. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली ती कोविनवर नोंदणी करूनच. ज्याच्याकडे नेट आणि चपळ बोटं, त्याला स्लॉट. डिजिटल दरी असताना हे कसं चालेल, असं सर्वोच्च न्यायालयानेही त्या वेळी सरकारला विचारलं. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्या जिल्ह्यात आदेश निघाला, लसीचं प्रमाणपत्र नसेल तर पेट्रोल नाही, रेशन नाही, गॅस नाही. लसीकरण वाढावं म्हणून होता तो, आणि वाढलंही. पण लस घेतलेल्या, तरी सर्टिफिकेट काढता न येणाऱ्या माणसांचं काय? काकांनी तेव्हा घराच्या ओट्यावर खुर्ची टाकली. स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचा प्रिंटर. पहिल्या दिवशी सत्तर-ऐंशी लोक आले. त्यात शेजारच्या वस्तीतल्या एक खाला होत्या, त्यांनी कागद घेतला, घडी केली आणि म्हणाल्या, "भाई, ये निकालते कैसे, वो भी बता दो, बार बार कायको आऊं?"

त्या एका प्रश्नाने काकांचं काम बदललं. काढून देण्याऐवजी काढायला शिकवायचं. खाला आज आमच्याकडे शिकवतात, बहुतेक करून बायकांना. व्हिडिओ कॉल आणि गॅस बुकिंग या त्यांच्या खास विषयांत आम्ही तोंड घालत नाही.

असं आपल्या शहरात पहिल्यांदाच घडतंय असंही नाही. २०२१ पासून एका शाळकरी मुलीच्या कल्पनेतून आपल्याकडे मोहल्ला बाल वाचनालयं उभी राहिली. कुणाच्या तरी घरातली खोली, शे-दोनशे पुस्तकं आणि सांभाळायला पोरंच. बातमी देशभर गेली. मोठी इमारत कुठेच नव्हती.

आता केरळ. तिथे २००२ मध्येच मलप्पुरम जिल्ह्यात 'अक्षय' सुरू झालं होतं, घरटी एक माणूस संगणक साक्षर. पण २०२५ मध्ये २१ ऑगस्टला त्यांनी संपूर्ण राज्य डिजिटल साक्षर झाल्याचं जाहीर केलं ते वाचून मी चाट पडलो. ८३ लाखांवर घरांत जाऊन दीड कोटी लोकांची पाहणी, त्यातून ज्यांना येत नाही असे साधारण २१.८८ लाख लोक शोधले, आणि जवळजवळ सगळ्यांना शिकवलं. वयाची अट? शंभरी ओलांडलेले एक मौलवीही त्यात शिकले. आणि हे केलं कुणी? अडीच लाखांवर स्वयंसेवकांनी. विद्यार्थी, कुटुंबश्रीच्या बायका, ग्रंथालयांचे कार्यकर्ते. शिकवलं घरी जाऊन, रोजगार हमीच्या कामावर जाऊन. सरकारी जाहिरातीचा भाग वजा करू हवं तर. तरी मोजलं काय गेलं ते बघा. यंत्रं नाहीत, माणसं मोजली.

आपल्याकडे तशी माणसं नाहीत का? आहेत की. बचत गट आहेत, एनएसएसची पोरं आहेत, वाचनालयं आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. आणि हे तंत्र आपणच १९५९ मध्ये साताऱ्यात वापरलंय.

स्वयंसेवकांचं सगळं गोड असतं असा माझा दावा नाही. आमच्याही चुका झाल्यात. मी स्वतः एका आजोबांच्या पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यात खाते क्रमांकाचा एक आकडा चुकवला. त्यांना दोन महिने बँकेत खेटे घालावे लागले, आणि ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. तेव्हापासून आमचा नियम आहे. फोन ज्याचा त्याच्याच हातात, बोट ज्याचं त्याचंच. आपण नुसतं शेजारी बसून सांगायचं. ओटीपी आम्ही मोठ्याने वाचू देत नाही, आम्हालाही नाही. आज मदत म्हणून ओटीपी सांगायची सवय लागली तर उद्या फोनवरच्या चोरालाही तो सांगितला जाईल. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात चिकटवलाय. यामुळे काम फार हळू होतं. दोन तासांत सात-आठ माणसं, बस्स. दहा कॉम्प्युटर आले तरी ती आठचीच राहतील, कारण शेजारी बसणारे तेवढेच आहेत. काका उमेदवाराला हेच सांगत होते.

खोलीचं म्हणाल तर विरंगुळा केंद्राचा प्रश्न खरा आहे. सध्या ते आम्हाला तोंडी परवानगीवर मिळतं. निवडणुकीनंतर किल्ली कुणाकडे जाईल ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून जो जो मत मागायला आला त्याला आम्ही एकच गोष्ट विचारली: रविवारचे दोन तास ही खोली लेखी देणार का? तीन जणांना विचारलं. एक 'बघू' म्हणाले, एक दहा कॉम्प्युटर म्हणाले, तिसऱ्यांनी वही काढून लिहून घेतलं. पक्ष सांगत नाही.

मावशींचं काय झालं, हे कमेंटमध्ये विचाराल म्हणून सांगून टाकतो. सोमवारी दोघी अंगणवाडीत गेल्या. ताईंनी अर्ज ठेवून घेतला, पोच दिली, वर विचारून सांगते म्हणाल्या. अजून उत्तर नाही. अशीच अडचण असलेल्या आणखी दोन बायका आमच्याकडे आल्यात. तुमच्या भागात कुणाचं हे काम झालं असेल, तर कोणता कागद चालला ते खाली लिहा, आम्हाला उपयोग होईल.

येत्या रविवारी नळाला पाणी नाही, म्हणजे सगळे शिकवणारे असतील. दहा वाजता. येताना आधारला जोडलेला फोन चार्ज करून आणा, आणि कुणाच्या घरी चालू प्रिंटर पडून असेल तर तोही, आमच्याचा रोलर गेलाय.